धुतलेली भिंत

डॉर्कस मावशीच्या घरातल्या मागच्या खोलीची उत्तरेकडची भिंत हिवाळ्यात रडते. आमच्याकडे असंच म्हणतात, भिंत रडते. दूर उत्तरेला, ओगा सरोवराच्या काठच्या आमच्या आदिवासी वस्तीत बहुतेक घरांची एक तरी भिंत रडते. सकाळी उठावं तर तिच्यावर पाण्याच्या रेघा असतात. थंडी चढली की रेघांचा बर्फ होतो, शेगडी पेटली की बर्फाचं पुन्हा पाणी. जमिनीलगत आधी राखाडी ठिपके येतात, मग हिरवट, मग काळे, मखमलीसारखे दाट. बोट लावलं तर बोटाला येतात. त्या भिंतीला लागून जोनासचा पाळणा होता, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

जोनास हा मावशीचा नातू, तिच्या धाकट्या मुलीचा, रॅन्डाचा. त्या हिवाळ्यात तो अजून रांगतही नव्हता. त्याचा बाप दक्षिणेला खाणीत कामाला गेला तो तिकडचाच झाला. घरात बारा-तेरा माणसं. नक्की किती, ते त्या त्या रात्रीवर अवलंबून. मावशीचा भाऊ, आमचा सायलस मामा, कोचावर दिवसा झोपायचा, कारण रात्री त्या कोचावर दोन भाचरं असायची. कुणी विचारलं तर सांगायचा, मी रात्रपाळीला आहे. नोकरी त्याला जन्मात नव्हती.

घर बांधलं दक्षिणेतल्या माणसांनी, दक्षिणेतल्या नकाशावरून. ओल्या चिकणमातीवर फळ्या ठोकल्या, वर प्लास्टिक ताणलं, आत थंडी अडवणारा गुलाबी कापूस भरला आणि किल्ली दिली. छताखालच्या कपाटात हवा बदलणारं यंत्र बसवलं होतं. शिळी हवा बाहेर फेकायची, ताजी आत घ्यायची. पहिल्याच हिवाळ्यात ते गोठलं, घसा दाबल्यासारखं घरघरलं आणि मेलं. दुरुस्त करणारा येणार होता. तो अजून यायचा आहे. सायलस मामा त्या कपाटात मासेमारीचे गळ ठेवतो.

त्याआधी मावशीचं घर लाकडाच्या ओंडक्यांचं होतं. नवऱ्याने, जेरेमायाकाकाने, स्वतः झाडं पाडून बांधलेलं, सरोवराच्या अगदी कडेला. फटींतून वारा यायचा. शेगडीजवळ पाठ भाजायची आणि दाराजवळ नाक गोठायचं. पण त्या घरात कुणाची छाती वाजल्याचं मला आठवत नाही. नवं घर हवं तर जुनं पाडा, असा सरकारी नियम होता. मावशीने नळाच्या पाण्यासाठी हो म्हटलं. बर्फ फोडून बादल्या वाहून तिचे खांदे गेले होते. तिने हो म्हटलं यात तिचं काय चुकलं. जेरेमायाकाका नव्या घरात थोडीच वर्षं जगला. खोकत गेला. फुप्फुसं, एवढंच सांगितलं. फुप्फुसांना काय झालं, ते त्याच्याबरोबर पुरलं गेलं.

जोनासला त्या हिवाळ्यात तीनदा विमानाने न्यावं लागलं. मी धावपट्टीवर सामान चढवायचं-उतरवायचं काम करतो आणि वस्तीचा कारभार बघणाऱ्या मंडळाची गाडी चालवतो, त्यामुळे तिन्ही वेळा त्याला दवाखान्यातून विमानापर्यंत मीच नेलं. मूल श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पोट आत ओढलं जायचं, मान ताणली जायची आणि मग बारीक शिटी. दवाखान्यात डॉक्टर नसतो, नर्स असते, आणि ती दर काही आठवड्यांनी बदलते. प्रत्येक नवी नर्स मावशीला नव्याने विचारायची, घरात सिगारेट कोण ओढतं. मावशी म्हणायची, कुणी नाही. नर्स तिच्याकडे बघायची. त्या बघण्याला आमच्याकडे नाव नाही, पण ते आम्ही सगळे ओळखतो.

तिसऱ्या वेळी शहरातल्या डॉक्टरने रॅन्डाला बसवून सांगितलं की मूल बरं होतंय, पण मी याला पुन्हा त्या खोलीत पाठवणार नाही. आधी भिंत बदला. त्याचं म्हणणं खरं होतं. आमच्या वस्तीच्या प्रमुखाने सरकारच्या गृहनिर्माणाच्या ऑफिसला फोनामागून फोन केले, आणि अखेर तिथला माणूस पाहणीला यायचं ठरलं. त्याने भिंत वाईट आहे असं लिहून दिलं की भिंतीचे बोर्ड, लाकूड, कापूस, सगळं हिवाळी रस्त्याने येणार. हा रस्ता म्हणजे गोठलेल्या सरोवरांवरून आणि दलदलीवरून जाणारी वाट. ट्रक त्यावरून काही आठवडेच येतात. मग बर्फ मऊ होतो आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत फक्त विमान. विमानात भिंत मावत नाही.

म्हणजे सगळं त्या एका पाहणीवर होतं. मावशीला हे कळत नव्हतं असं नाही. सगळ्यांपेक्षा तिलाच जास्त कळत होतं.

पाहणीच्या आदल्या दिवशी तिने भिंत धुतली.

हे मला सायलस मामाने नंतर सांगितलं. सकाळी त्याला ब्लीचच्या वासाने जाग आली. मावशी मागच्या खोलीत गुडघ्यांवर बसून तारेच्या घासणीने भिंत घासत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती थांबत नव्हती. मामा म्हणाला, अगं, राहू दे की, तो तेच बघायला येतोय. ती म्हणाली,

“पाहुण्याला घाण दाखवू? माझ्या घरात?”

“पाहुणा नाही तो. घाण बघायचा पगार घेतो.”

“तू झोप जा. रात्रपाळी आहे ना तुझी.”

दुपारपर्यंत घरातल्या बायकाही मदतीला लागल्या. चर्चचं कुंपण रंगवून उरलेला पांढरा रंग कुणीतरी आणला. दोन हात मारले. पाळण्यावर धुतलेली चादर घातली. खिडकीच्या चौकटीत साचलेला बर्फ चमच्याने खरवडून काढला. संध्याकाळी घर असं झालं की मामा म्हणाला, मला आत बसायची लाज वाटायला लागली.

कुणाला हा वेडेपणा वाटेल. आमच्याकडे वाटला नाही. माझी आई असती तर तिनेही धुतली असती. आमच्या आयांची ती सगळी पिढी एकाच शाळेत शिकली, दक्षिणेतल्या चर्चच्या निवासी शाळेत. मावशी सहा वर्षांची असताना विमानाने नेलेली. तिच्या आईबापांना सांगितलं होतं, थोड्या दिवसांसाठी. परत आली तेव्हा तिला आईशी बोलता येईना, शब्द गेले होते. ते तिने एकेक करून परत मिळवले आणि तिकडची भाषा तोंडातून आणि कानातून काढून टाकली. त्या शाळेत बिशप यायचा असला की मुलींना गुडघ्यांवर बसवून भिंती धुवायला लावत. जिच्या वाट्याला आलेल्या भिंतीवर डाग राहिला तिला जेवण नाही. आणि खोकणारी मुलं मागच्या खोलीत कोंडून ठेवत, पाहुण्याच्या कानावर खोकला जाऊ नये म्हणून. त्यांतली काही मुलं त्या खोलीतून परत रांगेत आली नाहीत. हे मावशी कधी सांगत नसे. एकदा मासे साफ करता करता बोलून गेली आणि सुरी धुवायला उठली.

तर अशा बाईला कुणीतरी दक्षिणेहून तिचं घर बघायला येणार होतं.

आला तो कॉलिन नावाचा माणूस, वयाने माझ्याएवढाच. वाईट नव्हता, आणि याच गोष्टीचा मला अजून संताप आहे. वाईट असता तर मावशीने त्याला ओळखलं असतं. दारात त्याने बूट काढले. टोपी काढली. मावशीने त्याला मूसच्या, म्हणजे आमच्याकडच्या थोराड सांबराच्या, मांसाचा रस्सा आणि तव्यावरची जाड बॅनक भाकरी वाढली, त्याने दोनदा मागून घेतली. मग मागच्या खोलीत गेला, भिंतीवरून तळहात फिरवला, फोटो काढले. ओल मोजायचं यंत्र त्याच्याकडे होतं, पण ते थंडीत बंद पडलं होतं. ते त्याने आम्हाला हसत दाखवलं, आणि आम्हीही हसलो, कारण आमच्याकडे थंडीत सगळंच बंद पडतं. रंगाचा वास येत होता. त्याने विचारलं नाही. कदाचित त्याला वाटलं असेल, नीटनेटके लोक आहेत.

निघताना तो मावशीला म्हणाला, मी या भागात एवढी घरं बघितली, एवढं स्वच्छ घर कुठे बघितलं नाही. मी ते आमच्या भाषेत करून सांगितलं. ती लाजली. पदर असता तर तोंडावर घेतला असता अशी लाजली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या भिंतीला डाग नाही म्हणून पोटभर शाबासकी दिली होती.

गाडीत मी कॉलिनला सांगितलं की ती भिंत कालपर्यंत काळी होती. तो म्हणाला, मी जे दिसतं तेवढंच लिहू शकतो.

त्याने तेवढंच लिहिलं. घर राहण्याजोगं आहे, बुरशी आढळली नाही. सोबत सूचना: खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पाणी कमी उकळावं, घरात माणसं कमी ठेवावीत. बाहेर उणे चाळीस. प्रमुखाने आम्हाला हे वाचून दाखवलं तेव्हा सायलस मामा म्हणाला, थोडक्यात, श्वास जरा बेताने घ्या. बोर्ड दुसऱ्या वस्तीला गेले. दुसऱ्या वस्तीलाही हवेच होते. त्यांच्याबद्दल मी काय बोलू.

पण गोष्ट इथे थांबली असती तर मी ती लिहिली नसती. मुलांच्या ऑफिसातल्या, म्हणजे घरी नीट सांभाळत नाहीत असं वाटलं की मूल काढून घेणाऱ्या सरकारी ऑफिसातल्या, बाईने तो निकाल वाचला. तिचा हिशोब सरळ होता. मूल तीनदा मरायला टेकलं. डॉक्टर म्हणतो घरामुळे. घराचं ऑफिस म्हणतं घर चांगलं आहे. म्हणजे घरातली माणसं चांगली नाहीत. धूर करत असतील, निष्काळजी असतील, पीत असतील. तिने रॅन्डाला कळवलं की जोनासला शहरातल्या एका कुटुंबाकडे ठेवायचा विचार आहे. थोड्या दिवसांसाठी.

रॅन्डाने फोनवर आईला हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो, सरपण टाकायला गेलो होतो. मावशीने दोनदा विचारलं की बाई नेमकं काय म्हणाली. रॅन्डाने दोनदा सांगितलं. थोड्या दिवसांसाठी. मावशीने फोन ठेवला. ती रडली नाही. तिचा चेहरा गोठताना सरोवर दिसतं तसा झाला. वर हालचाल नाही, खाली काय चाललंय ते कळत नाही.

ती कोपऱ्यातल्या पेटीपाशी गेली आणि कातडं खरवडायचं हाड काढलं. मूसच्या पायाचं हाड असतं ते, टोकाला दाते पाडलेलं. ताज्या कातड्याच्या आतला मांसाचा थर त्याने सोलून काढतात. तिच्या आईचं होतं, धरून धरून मधाच्या रंगाचं झालेलं. ते घेऊन ती मागच्या खोलीत गेली आणि भिंत सोलायला लागली. वरून खाली, दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन, ताणलेल्या कातड्यावर काम करतात तशी. पांढरा रंग सालीसारखा सुटत होता. रंगाखाली काळं परत आलं होतं, एवढ्या थोड्या दिवसांत, आणि आता ते छातीच्या उंचीपर्यंत चढलं होतं.

मामा उठून आला, बघत उभा राहिला आणि म्हणाला, “अगं, पलीकडून मूस निघणार नाही.”

“कुऱ्हाड आण,” ती म्हणाली.

त्याने आणली. बोर्ड फोडायची गरजच पडली नाही. खालच्या कडेला कुऱ्हाडीचं टोक घातलं आणि तो ओल्या पावासारखा हातात आला. आत गुलाबी कापूस नव्हता. आत काळा, ओथंबलेला लगदा होता, त्यात बर्फाचे खडे, आणि त्याच्यामागचं लाकूड बोटाने दाबलं तर आत जात होतं. वास असा आला की दाराशी उभी असलेली मुलं मागे सरली. तो नवा वास नव्हता, हेच भयंकर होतं. तो आमच्या घरांचा वास होता. आमच्या कोटांना, उशांना, दक्षिणेत शिकायला गेलेल्या आमच्या पोरांच्या केसांना येतो तो वास. आम्ही त्याला घर समजत होतो.

मावशी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “माझ्या नवऱ्याची खाट याच भिंतीला होती.”

आमच्याकडे शहरात कुणी दवाखान्यात असलं की घरचं मांस पाठवतात. पुठ्ठ्याचं खोकं घ्यायचं, आतून कागद लावायचा, वरून चिकटपट्टी गुंडाळायची, नाव लिहायचं आणि विमानात द्यायचं. दर विमानाबरोबर अशी खोकी जातात, वैमानिक विचारतही नाही. दोन दिवसांनी मावशी स्लेजवरून दोन खोकी घेऊन धावपट्टीवर आली. मी वजनकाट्यावर ठेवली.

“काय आहे, मावशी?”

“मांस.”

“हलकं लागतंय.”

“आजारी जनावराचं आहे.”

एक खोकं डॉक्टरच्या नावाने होतं, दुसरं गृहनिर्माणाच्या ऑफिसच्या. चिकटपट्टीच्या थरांतून तो वास येत होता. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मी दोन्ही खोकी चढवली, मांसाच्या खोक्यांपासून दूर, शेपटीकडे.

डॉक्टरने त्याचं खोकं दवाखान्याबाहेर मोकळ्या जागेत उघडलं. पहिल्या क्षणी त्याने शिव्या दिल्या असं रॅन्डा म्हणते. त्याने लगेच मुलांच्या ऑफिसला फोन केला. तो काय म्हणाला ते रॅन्डाने ऐकलं: या मुलाचा आजार माझ्याकडे खोक्यातून आलाय, या आणि बघा. ती बाई आली नाही. पण जोनासला परक्या घरी ठेवायची गोष्ट तिने तूर्त बाजूला ठेवली. तूर्त हा शब्द तिचा.

दुसरं खोकं ऑफिसच्या टेबलावर उघडलं गेलं. तिथल्या लोकांनी म्हणे तो सगळा मजला रिकामा केला. आम्ही वर्षानुवर्षं बोलवत होतो तेव्हा माणूस मिळत नव्हता, विमान मिळत नव्हतं, हवामान मिळत नव्हतं. आता आठवडा सरायच्या आत एक भाड्याचं विमान उतरलं आणि त्यातून पायघोळ पांढऱ्या पोशाखातली माणसं बाहेर आली. तोंडावर रबरी मुखवटे, दोन्ही बाजूंना गाळण्यांचे डबे, हातांत दुहेरी मोजे. सायलस मामा अंगणात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, “चंद्रावर उतरलेत. झेंडा आणलाय का विचार.”

ते घरात शिरले. दारावर प्लास्टिक लावलं, हवा बाटल्यांत भरून घेतली. ज्या खोलीत एक तान्हं मूल उघड्या नाकाने झोपत होतं, त्या खोलीत ती धडधाकट माणसं थोडा वेळ टिकत, बाहेर येत, एकमेकांचे पोशाख पुसत आणि परत आत जात. आम्ही सगळे बर्फात उभे होतो. घरातल्या बारा-तेरा जणांनी आपापली पांघरुणं बरोबर आणली होती. ती आत ठेवायची की बाहेर, हे कुणी सांगत नव्हतं.

शेवटी त्यांच्यातल्या एकाने दारावर लाल पट्टी ओढली आणि कागद चिकटवला. घर राहण्यास अयोग्य, प्रवेश बंद. तो मागे वळला तेव्हा मी त्याला बुटांवरून ओळखलं. कॉलिन. त्याने मुखवटा उतरवला. त्याच्या गालांवर रबराचे वळ उठले होते. तो मावशीसमोर आला आणि मला म्हणाला, तिला विचार, त्या दिवशी मला हे का दाखवलं नाही.

मी विचारलं. मावशी म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही पाहुणे म्हणून आला होतात.”

“आणि आज?” त्याने विचारलं.

“आज कोण म्हणून आलात ते तुम्ही सांगा.”

त्याने सांगितलं ते असं, की घर आता दुरुस्तीच्या यादीत सगळ्यात वर जाईल. पण रस्ता वितळायला लागलाय, सामान पुढच्या हिवाळ्यात. तोपर्यंत मंडळाने सोय करावी. आमच्या प्रमुखाने हात पसरून समोरची घरं दाखवली. प्रत्येक घरात आधीच दोन-दोन घरं कोंबलेली. लहान मुलाचं काय, असं मी स्वतःहून विचारलं. कॉलिन म्हणाला, घर नसेल तर मूल इथे कसं पाठवणार, ते माझ्या हातात नाही.

तर असं होतं. भिंत धुतली तेव्हा घर चांगलं ठरलं, म्हणून मूल मिळेना. भिंत सोलली तेव्हा घर वाईट ठरलं, म्हणून मूल मिळेना. मी हे त्याला आमच्या भाषेत बोललो, त्याला कळू नये म्हणून नाही, तर त्याच्या भाषेत बोललो असतो तर माझा हात उठला असता म्हणून.

मावशी शांतपणे मला म्हणाली, “लेव्हाय, याला विचार, याच्या घरात किती खोल्या आहेत.”

त्याला प्रश्न विचित्र वाटला, पण त्याने उत्तर दिलं. चार.

“आणि माणसं?”

“मी आणि माझी बायको.”

“मग जागा आहे,” मावशी म्हणाली.

तो हसला. त्याला वाटलं, ही आमच्याकडची थट्टा. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि हसायचा थांबला. आमच्याकडे कुणाचं घर गेलं तर तो माणूस ज्याच्या घरी जागा आहे त्याच्या घरी जातो. विचारत नाही. घरवाला नको म्हणत नाही. तेरा माणसं काही कुणी मोजून आणलेली नव्हती. ती अशीच आलेली होती, एकेक करून, जळालेल्या घरांतून, बुडालेल्या तळघरांतून. कमी माणसं ठेवा, असं लिहून देणाऱ्याला हे कोण सांगणार.

ती एका पिशवीत कपडे, जोनाससाठी शिवलेले सशाच्या कातड्याचे मोजे आणि वाळवलेलं मांस भरून धावपट्टीवर आली. शाळेतून सुटल्यापासून ती दक्षिणेच्या विमानात चढली नव्हती. नवरा मरायला टेकला होता तेव्हाही त्याला इथेच राहू द्या म्हणून भांडली होती. आता ती पांढऱ्या पोशाखवाल्यांच्या भाड्याच्या विमानाच्या शिडीवर पाय ठेवून उभी राहिली. वैमानिकाने कॉलिनकडे पाहिलं. कॉलिनने जमिनीकडे पाहिलं. कुणी नको म्हणालं नाही. एका जागेवर त्यांच्या बाटल्यांची पेटी होती, ती मी उचलून मागे टाकली.

मामा म्हणाला, “त्याच्या बायकोला सांग, मी पण येईन. रात्रपाळी करीन.”

मावशी कॉलिनच्या घरी राहिली नाही. पहिला दिवस ती त्याच्या ऑफिसच्या दाराशी, बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन बसली. तिला कुणी उठवलं नाही, कारण उठवून पाठवायचं कुठे हे कुणालाच सांगता येईना. संध्याकाळच्या आत ऑफिसने हमरस्त्याजवळ, टायरच्या दुकानाच्या वर एक खोली मिळवून दिली. तिथून दवाखाना चालत जाण्याएवढा. मग ती रोज जोनासच्या पाळण्याशी बसायची. मुलांच्या ऑफिसातली बाई आली, तिने खिडकी बघितली, पलंग बघितला, आजी बघितली. मुलाला घेऊन जायला काही कारण उरलं नाही.

जोनास आता धावतो. खोकला आला तर दोन दिवसांत जातो. त्याची छाती वाजत नाही. हे मोठंच आहे, ते मी लहान करणार नाही. पण मी फोन करतो आणि आमच्या भाषेतला नमस्कार घालतो, ‘वाचिये, जोनास’, तर तो इंग्रजीत हॅलो म्हणतो. मागून मावशी आमच्या भाषेत त्याला रागावते, आणि त्याला ते रागावणं कळतं, शब्द कळत नाहीत. रॅन्डा टायरच्या दुकानात काम करते. ते आता शहरातले झाले. आम्हाला इथून हलवायला एके काळी विमानं पाठवावी लागायची, पोरं ओढून न्यावी लागायची. आता कुणाला काही करावं लागत नाही. भिंती रडू दिल्या की झालं.

तिचं घर तसंच आहे. लाल पट्टी उन्हाने गुलाबी झाली आहे. सायलस मामा अंगणात कापडी तंबूत राहतो, छोटी शेगडी घेऊन, आणि सांगतो की इतकी कोरडी झोप आयुष्यात लागली नव्हती. इतर सगळे दुसऱ्या घरांत शिरले. त्या घरांच्या भिंती आता जास्त रडतात.

मावशी दर हिवाळ्यात फोनवर एकच गोष्ट विचारते. या वर्षीही विचारली.

“रस्ता उघडला?”

“उघडला.”

“बोर्ड आले?”

मला खोटं सांगता आलं असतं. मी म्हटलं, आले. चांगले जाड आले, ओल न धरणारे, मागून चंदेरी कागद लावलेले. गृहनिर्माणाच्या ऑफिसने पाहणीसाठी नवी गाडी पाठवली आहे, ती इथेच राहणार आहे. त्या बोर्डांनी तिच्यासाठी गॅरेज बांधतायत.

पलीकडून टायरच्या दुकानातल्या यंत्राचा आवाज येत होता.

“गरम राहणारं?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “आणि हवा खेळती ठेवायला वर पंखाही आहे.”